चंदूशेठचा खण

सव्वीस जुलैचा पूर ज्यांच्या घरात शिरला, त्यांना त्याचा वास विसरता येत नाही. बेलवलीत आमच्या तळमजल्यावर नदी पलंगापर्यंत आली होती. पाणी ओसरल्यावर मी फिनेल ओतून ओतून फरशा घासल्या, तरी वास भिंतीतून परत बाहेर यायचा. पुढच्या वर्षी आम्ही घेतलेल्या गाडीतून तोच वास यायला लागला, तेव्हा मी भर रस्त्यात काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

गाडी माझ्या सासऱ्यांनी घेतली होती. जुनी पण चकचकीत, उल्हासनगरच्या चंदूशेठकडून. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले, रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नव्हते. विहारात जाणं बंद, लेकीकडे जाणं बंद. सासरे भीमराव, आमचे बाबा, अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर माल तपासत आले. त्यांच्या हातून वाकडा खिळा कधी पास झाला नसेल. पण या गाडीचं बॉनेटसुद्धा त्यांनी नीट उघडून बघितलं नाही, कारण डॅशबोर्डवर एक छोटी बुद्धमूर्ती होती.

"आधीचे मालक डॉक्टर, काका. तुमच्यातलेच," चंदूशेठ म्हणाला होता. "जाताना बोलले, मूर्ती काढू नको, जो घेईल त्याला राहू दे."

हा चंदूशेठ मूळचा कुठला, हे कोणालाच नक्की माहीत नाही. ज्याच्याशी बोलेल त्याच्या गावचा होतो. बाबांनी मूर्तीला हात जोडले आणि व्यवहार तिथंच पक्का झाला.

पावसाळा येईपर्यंत गाडी धड चालली नाही. अंबरनाथच्या पुलावर बंद पडली, तेव्हा मेकॅनिकने सीटखालचा गालिचा ओढून काढला. खाली हिरवट काळा गाळ, आणि गाळात वाळून चिकटलेला एक मासा. सासूबाईंनी पदर नाकाला लावला. बाबांनी तो मासा वाकून पाहिला आणि म्हणाले, "डॉक्टरांच्या लक्षात आलं नसेल."

मी फोन केला तर चंदूशेठ हसला. "सेकंड हँड गाडी आहे ताई, गॅरंटी थोडीच असते?"

असते. म्हणजे गॅरंटी नसेलही, पण माल जुना असला तरी त्यातला दोष लपवून तो विकता येत नाही, एवढं मी पेपरातल्या ग्राहकांच्या सदरात वाचलं होतं. मी ठाण्याच्या ग्राहक मंचासाठी तक्रार लिहून काढली. सही मात्र बाबांची हवी होती, कारण गाडी त्यांच्या नावावर. आणि बाबा सही करेनात.

"ज्या माणसानं गाडीत बुद्ध ठेवला, त्याचं नाव कोर्टात ओढू?" ते म्हणाले. "चंदूशेठला तरी काय माहीत असणार, अस्मिता?"

माझा नवरा राजेंद्र गप्प. वडिलांसमोर तो नेहमीच गप्प असतो. शेवटी मीच म्हटलं, "चला बाबा, निदान त्या डॉक्टरांचा पत्ता तरी मागून आणू." याला ते तयार झाले.

चंदूशेठने आम्हाला ऑफिसात बसवलं, चहा सांगितला. डॉक्टर आता दुबईला असतात म्हणाला. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. "हां हां, आ जाओ, गाडी एकदम रेडी है." फोन ठेवून त्याने खिडकीतून त्याच्या नोकराला हाक मारली, "सदू! मुंब्र्याची पार्टी येतेय. त्या सफेद गाडीतला गणपती काढ, सातशे शहाऐंशी लाव."

आम्ही समोर बसलोय हे तो विसरला नव्हता. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

सदू आत आला आणि बाबांच्या गुडघ्याजवळचा टेबलाचा खण त्याने ओढला. आत सगळे एकत्र कोंबलेले. गणपती, साईबाबा, झूलेलाल, क्रॉस, आणि चार-पाच बुद्ध, हुबेहूब आमच्यासारखे. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, तिला केस आणि मळ लागलेला. सदूने हातातला गणपती वरून टाकला, एक स्टिकर उचलला आणि खण पायाने ढकलून बंद केला.

मला किळस आली. त्या गाळाची, त्या माशाची एवढी आली नव्हती.

"धंदा आहे काका," चंदूशेठ म्हणाला. "कस्टमरला जरा बरं वाटतं."

बाबा उठले. चहाला त्यांनी हात लावला नाही. घरी येऊन त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं, चष्मा पुसून तक्रार शेवटपर्यंत वाचली.

"गाडीचं लिहिलंस. मूर्तीचं कुठाय?"

"बाबा, पुरात बुडलेली गाडी लपवून विकली, हे सिद्ध करता येईल. मूर्तीचं काय सिद्ध करणार?"

"मग ते माझं मी बघतो," म्हणून त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवसापासून ते चंदूशेठच्या समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायला लागले. कोणी गिऱ्हाईक आत वळलं की रस्ता ओलांडून जायचे आणि कारखान्यातल्या आवाजात सांगायचे, "गाडी नंतर बघा. आधी त्याला टेबलाचा खण उघडायला सांगा."

तारीख पडायच्या आत चंदूशेठचा मला फोन आला. आवाजातला मध पार आटला होता. "सासऱ्यांना आवरा ओ ताई. धंद्याची वाट लावली त्यांनी. गाडी परत घेतो, सगळे पैसे देतो, फक्त केस मागे घ्या."

मी आनंदाने धावत जाऊन सांगितलं. राजेंद्रही पहिल्यांदाच बोलला, "घ्या बाबा, संपवा."

बाबांनी दारातल्या गाडीकडे पाहिलं.

"परत दिली, तर तो ती जाळणार आहे का?" त्यांनी विचारलं. "धुऊन पुसून पुन्हा उभी करेल. आणि या खेपेला आत कोणाला बसवेल?"

पलंगावर सासूबाई गुडघ्यांना तेल चोळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"सडू दे इथंच," त्या म्हणाल्या. "मी जाईन रिक्षाने."