डावा सुळा

स्वतःचा मालक होण्यासारखं सुख जगात दुसरं नाही, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. आमच्या दंतोपंतांना हे सुख लाभून दोन वर्षं झाली होती, आणि त्या दिवशी सकाळी साडेसात वाजता ते हे सुख चिमट्याने कुकरमधून बाहेर काढत होते.

कुकरमध्ये एक पितळी साचा होता आणि साच्यात एक कवळी. वरची, पूर्ण, चौदा दातांची. हिरडीचं गुलाबी प्लास्टिक पक्कं व्हायला उकळत्या पाण्यात शिजवावं लागतं. दात बनवणाऱ्या लॅबमध्ये त्यासाठी कपाटाएवढं यंत्र असतं. घरी कुकर.

"आज भात की दात?" बायकोने विचारलं. दोन वर्षं ती रोज हेच विचारत होती. पहिलं वर्षभर विचारताना हसायची.

"दात. पण झालंच. हा घे कुकर."

"राहू दे. पाव खाऊन जाते मी."

ती पलंगाच्या कडेला बसून गुडघ्यांना पट्टे बांधत होती. एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात ती कामाला होती आणि दोन वर्षं दुहेरी पाळी करत होती. बारा बारा तास उभं राहून चादरी यंत्रात घालायच्या आणि बाहेर काढायच्या. धंदा दंतोपंतांचा होता, पण तो उभा होता तिच्या गुडघ्यांवर.

"तुमच्या जुन्या लॅबच्या मालकांचा फोन लक्षात आहे ना?"

"आहे."

"आज पाचपर्यंत या म्हणालेत. खुर्ची रिकामी ठेवलीये तुमच्यासाठी."

"खुर्ची कसली, स्टूल आहे ते."

"स्टूल तर स्टूल. त्याला पगार आहे. आपल्या खुर्चीला काय आहे? एक पाय कमी आहे."

दंतोपंतांनी साचा ओट्यावर ठेवला. "अगं, आज ही कवळी बसली की डॉक्टरीणबाई त्यांच्या तिन्ही दवाखान्यांचं काम मला देणारेत. वर्षभराचं. तोंडाने म्हणाल्यात."

"तोंडाने," ती म्हणाली. "तुमचा सगळा धंदाच तोंडाचा."

मग ती दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच बोलली. "मी तुम्हाला कधी सोडा म्हटलं नाही. आजही म्हणत नाही. पण मला आमच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलंय, दुहेरी पाळी की गुडघे, एक काहीतरी ठेवा. पाच वाजता आम्हाला दहा मिनिटं सुट्टी असते. तेव्हा फोन करीन. कुठे आहात एवढंच सांगा."

दंतोपंत हे त्यांचं खरं नाव नव्हे. लॅबमधल्या मंडळींनी ते ठेवलं आणि खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. त्या लॅबमध्ये त्यांनी एकोणीस वर्षं दात बसवले. लॅब म्हणजे गावभरच्या दंतवैद्यांकडून तोंडाची मापं येतात आणि त्यावर कवळ्या बनून परत जातात ती जागा. दंतोपंतांच्या कवळ्यांमध्ये एक खोड होती: त्या खऱ्या वाटत. एखादा दात किंचित झिजलेला, एखादा शेजाऱ्याला जरा खेटून बसलेला. मालकांना हे पसंत नसे. "लोक वाकडे दात काढून आपल्याकडे येतात," ते म्हणत, "आणि तू त्यांना परत वाकडेच देतोस?"

एकदा एका बाईने पुढच्या दोन दातांमधली फट तशीच ठेवा, म्हणून सांगितलं होतं. दंतोपंतांनी ठेवली. मालकांनी रातोरात दुसऱ्याकडून भरून घेतली. दंतोपंतांनी रागाच्या भरात राजीनामा दिला. राग तासाभरात उतरला. पण मालक कामाला चपळ, तोवर राजीनामा मंजूर झाला होता.

तेव्हापासून ते स्वतंत्र होते. नोकरीत ओरडायला एक मालक असतो. धंद्यात जितकी गिऱ्हाइकं तितके मालक, आणि दंतोपंतांचं दुर्दैव असं की तेही कमी होत चालले होते. काही दवाखान्यांनी यंत्रावर दात कोरून मागवायला सुरुवात केली. काहींना 'घरगुती' या शब्दाचीच धास्ती. दात कोरून पोट भरत नाही, अशी म्हण आहे. दात करूनही भरत नाही, ही भर दंतोपंतांनी घातली.

आता उरलं होतं हे एकच गिऱ्हाईक: डॉक्टरीणबाई. आणि त्यांचे एक आजोबा.

बारा वाजता दंतोपंत दवाखान्यात पोचले. आजोबा खुर्चीत आडवे होते; आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झालेले. आजी कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं लेकीकडे राहायला निघणार होते, दूर आणि कायमचे. आजींची अट एकच होती. आजोबांचा एक सुळा तरणेपणापासून जरा पुढे येऊन तिरका बसलेला होता. तो तसाच हवा. अशी अट पुरी करणारा माणूस पंचक्रोशीत एकच, म्हणून काम दंतोपंतांकडे आलं होतं. नमुन्याला आजोबांचा एक फोटो होता, दात काढायच्या आधी त्यांनी हौसेने स्वतःच मोबाईलवर काढलेला.

कवळी टाळूला चपखल बसली. डॉक्टरीणबाईंनी बोट घालून हलवून पाहिली; हलेना.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "आजोबा, हसा बघू."

आजोबा हसले. दंतोपंतांच्या पोटात दोन वर्षांत पहिल्यांदा ऊब आली.

"हे ते नाहीत," आजी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"दात दुसऱ्या बाजूला होता."

डॉक्टरीणबाईंनी तो फोटो समोर धरला. "बघा ना आजी. हा काय, डावा सुळा."

"फोटो काय सांगतो मला! पन्नास वर्षं मी यांच्या उजव्या हाताला बसतेय. जेवताना, गाडीत, दवाखान्यातसुद्धा. हे हसले की तो दात माझ्या बाजूला दिसायचा. आता मी काय डावीकडे जाऊन बसू?"

"मला चालेल," आजोबा नव्या दातांतून शिटी वाजवत म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. नवे दात आहेत, झिजतील."

दंतोपंतांच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला, आणि असा उजेड कुणाच्या वैऱ्याच्या डोक्यात पडू नये. समोरच्या माणसाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे दातवाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात. फोटोत जे उजवीकडे दिसेल, ते त्या माणसाचं डावं. एकोणीस अधिक दोन वर्षं दंतोपंतांनी असा उलटा हिशेब केला होता. पण आजोबांनी फोटो काढला होता मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने, आणि तो कॅमेरा आरशासारखा आधीच सगळं उलटं करून ठेवतो. दंतोपंतांनी उलट्याचं पुन्हा उलटं केलं. कालच्या शिकाऊ माणसाने फोटोत दिसतो तिथे दात लावून टाकला असता आणि तो बरोबर निघाला असता.

मेणात दात मांडून तोंडात बसवून बघायच्या दिवशी तरी हे कळायला हवं होतं. पण त्या दिवशी आजोबा एकटे आले होते आणि त्यांनी आरसा मागितला नव्हता. "मी कुठे मला बघतो?" ते म्हणाले होते. "ती बघते."

"दुरुस्त होईल?" डॉक्टरीणबाईंनी दंतोपंतांना बाहेर घेऊन विचारलं. "सहापर्यंत हवं. मी जबाबदारी घेतलीये त्यांची. आज नाही झालं तर मी लॅबकडून साधी सरळ कवळी करून पाठवून देईन. आणि मग पुढच्या कामाचंही... समजून घ्या."

"होईल," दंतोपंत म्हणाले.

होण्यासारखं होतं. उजवा सुळा उपटून तिरका बसवायचा आणि डावा सरळ करायचा. पण डावा त्यांनी पन्नास वर्षांची झीज दिसावी म्हणून घासून घासून असा काही जुना केला होता की तो आता सरळ बसवण्याजोगा राहिला नव्हता. एक नवा डावा सुळा हवा होता. तयार दात विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तीन नंबरची पिवळी छटा? चार दिवस लागतील. हल्ली कोण घेतं ती?"

तीन नंबरची पिवळी छटा भरलेलं कपाट दंतोपंतांना एकच माहीत होतं. त्याचा तिसरा खण जरा अडकतो, हेही माहीत होतं.

पावणेचारला ते लॅबच्या दारात उभे राहिले. मालकांचे स्वतःचे दात लॅबच्या जाहिरातीसारखे होते. जाहिरात तेच होते.

"आलास? मला वाटलं, मान राखायला पाच वाजून एक मिनिटाने येशील."

"मालक, मी एका दातासाठी आलोय."

"कुठल्या?"

"डावा सुळा. तीन नंबर."

मालक हसले नाहीत. "दात सुटा देतं का कुणी? पट्टी असते सहाची. तुला सांगायला हवं का मी?"

"पट्टीचे देईन."

"कशातून देशील?"

हे त्यांनी कुत्सितपणे विचारलं नाही. त्यांना खरोखर माहिती हवी होती. दंतोपंतांकडे ती नव्हती.

"घे पट्टी," मालक म्हणाले. "आणि इथेच बस काय करायचं ते करत. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत बसशील."

कुकरची बातमी इथवर पोचली होती तर.

स्टूल जागेवरच होतं, खिडकीखाली. तिसरा खण अजून अडकत होता. दंतोपंत बसले. दिव्याचा उजेड अगदी हातावर पडत होता. यंत्राला पाय लागताच ते घरच्यासारखं थरथरलं नाही, नुसतं गुणगुणलं. दोन वर्षांत पहिल्यांदा प्लास्टिकची धूळ नाकात न जाता नळीत गेली. नोकरीच्या बाजूने इतका जोरदार मुद्दा त्यांना आजवर कुणी सांगितला नव्हता, बायकोनेही नाही.

घासलेला सुळा उपटताना त्यांचा हात एकदा थांबला. ती झीज उतरवायला तीन दिवस लागले होते. कचऱ्याच्या डब्यात पडताना त्याचा आवाज झाला नाही. मग उजवा सुळा सोडवून त्यांनी तो पुढे घेतला, जरासा फिरवला, पुन्हा थोडा मागे घेतला. आजी कुठे बसतील ते मनात धरून त्यांनी मान डावीकडे कलवली आणि तिथून पाहिलं. तिथूनच तो बरोबर दिसत होता. बाकी कुठूनही पाहिलं तर ती चूकच वाटली असती.

नवा डावा सुळा सरळ बसला, लॅबच्या यंत्रात प्लास्टिक झटपट पक्कं झालं आणि शेवटचं चकाकी द्यायचं काम चाललं होतं तेव्हा फोन वाजला. पाच.

"कुठे आहात?" मागे धुलाईयंत्रांचा घरघराट होता.

"लॅबमध्ये."

"बसलात?"

दंतोपंतांनी खाली पाहिलं. खोटं बोलण्याची गरज नव्हती. "बसलोय."

तिने फोन ठेवला नाही. नुसता धरून राहिली. आधी श्वास ऐकू आला, मग नाक ओढल्याचा आवाज, मग पुन्हा यंत्रं. दहा मिनिटांच्या सुट्टीतली चार मिनिटं ती अशीच होती. अगं, मी फक्त एका दातासाठी आलोय, हे वाक्य दंतोपंतांच्या तोंडात तयार होतं. त्यांनी ते तसंच गिळलं.

"दुसऱ्या पाळीतून नाव काढून टाकते मग," ती म्हणाली.

"काढ."

त्यांनी मान वर केली तेव्हा मालक शेजारी उभे होते. त्यांनी कवळी उचलली, दिव्याखाली धरली, तिरक्या सुळ्याकडे बघून तोंड वाकडं केलं आणि ती लॅबच्या निळ्या डबीत ठेवली. वर लॅबचं नाव छापलेलं होतं.

"आपली गाडी तिकडेच निघालीये. पाठवतो."

"मालक, ते काम माझं..."

"हो की. आपलंच."

सव्वासहाला डॉक्टरीणबाईंचा फोन आला तो मालकांच्या टेबलावर, आणि मालकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. आजींनी आजोबांना तीनदा हसायला लावलं म्हणे. मग उठून त्यांच्या उजवीकडे जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, चला आता.

"आणि एक सांगू का," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते तुमच्याकडे आले हे फार बरं झालं. हात चांगला आहे त्यांचा, पण घरगुती कामाची मला धाकधूकच होती. सोमवारपासून तिन्ही दवाखान्यांचं काम तुमच्याकडेच पाठवते."

मालकांनी फोन ठेवला आणि दंतोपंतांच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात पायगुण. आल्या आल्या तीन दवाखाने आणलेस. फक्त आता सगळे सरळ बसवायचे, काय? हे लाड एकदाच."

"हो," दंतोपंत म्हणाले.

बायको आता एकच पाळी करते. गुडघे दुखायचे तेवढे दुखतात. कुकरमध्ये रोज भात असतो आणि त्याला किंचित प्लास्टिकचा वास येतो. महिनाअखेरीस पगार झाला, त्यातून दातांच्या एका पट्टीचे पैसे कापलेले होते. पट्टीतले उरलेले पाच दात दंतोपंतांच्या खणात आहेत. तीन नंबरला मागणी नाही. हल्ली सगळ्यांना पांढरे लागतात.