औषध आणि आहेर

सासूबाई ऑस्ट्रेलियात, आमच्या रॉबिनव्हेलला आल्या तेव्हा त्यांच्या स्वतःच्या म्हणून पेटीत दोन झगे, एक बायबल आणि गोळ्यांची एक बाटली होती. बाकी सगळी पेटी आमच्यासाठी आणलेल्या खाऊनं भरलेली, आणि त्यातला निम्मा विमानतळावरच काढून घेतलेला.

सासरे गेल्यावर टोंगातल्या वावाऊ बेटावर त्या एकट्याच राहिल्या होत्या. माझा नवरा सिआओसी त्यांचा एकुलता मुलगा. "आई माझ्याकडेच राहणार," असं म्हणत त्यानं कितीतरी दिवस व्हिसाच्या मागे घालवले. अखेर व्हिसा मिळाला. त्या व्हिसावर सरकारी आरोग्याचं कार्ड मिळत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि औषधाच्या दुकानात उभं राहणं वेगळं.

सासूबाईंना संधिवात. म्हातारपणी सगळ्यांचे गुडघे दुखतात तसला नव्हे, सांधे आतून कुरतडणारा, जन्मभर गोळ्या घ्यायला लावणारा. तिकडे सरकारी दवाखान्यातली नर्स गोळ्या हातावर ठेवायची आणि वर विचारायची, "कालोलाइनेबाई, नवीन चटई कुठवर आली?" इकडे काउंटरवरच्या मुलीनं कार्ड मागितलं.

"कार्ड नाही. पूर्ण किंमत लावा," सिआओसी म्हणाला. चर्चमध्ये देणगी जाहीर करताना माणूस जसा ताठ उभा राहतो, तसा तो उभा होता. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण यंत्रावर उमटलेला आकडा त्यांनी वाचला.

गाडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "पिसिला, इथं डुक्कर केवढ्याला मिळतं गं?"

"केवढं डुक्कर, आई?"

"पोराच्या पहिल्या वाढदिवसाला भाजतात तेवढं."

मी सांगितलं.

"आणि डॉक्टर? रक्त काढतात त्याचे पैसे?"

"ते वेगळे."

"म्हणजे दर महिन्याला एक अख्खं डुक्कर मी एकटीच खाते," त्या म्हणाल्या, "आणि साधा ढेकरही येत नाही."

सिआओसी खो खो हसला. मीही हसले. त्या मात्र खिडकीबाहेर द्राक्षांचे मळे बघत राहिल्या.

माझी नणंद फुसी सिडनीला असते. आमच्या लोकांत बहिणीचा मान भावापेक्षा मोठा. भाऊ कितीही दांडगा असला तरी बहिणीपुढे आवाज चढवत नाही. एका रविवारी तिचा फोन आला. सिआओसीचे हात नारळाच्या दुधात बुडालेले होते, म्हणून त्यानं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"तुला वेड लागलंय का?" फुसी म्हणाली. "आईला परत पाठव. तिथं मावशी आहे, घर आहे, औषध फुकट आहे. इथं तू बदामाच्या बागेत राबराब राबतोस आणि औषधवाल्याचं घर भरतोस. पुढच्या वर्षी माझ्या लेसिएलीचं लग्न आहे. मामा म्हणून काय घेऊन येणारेस? गोळ्यांची रिकामी खोकी?"

"बरं, ताई," सिआओसी म्हणाला. एवढंच.

मोरीपाशी अळूची पानं धूत असलेल्या सासूबाईंनी नळ बंद केला नाही की मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी ऐकलंच नसेल, असं मी माझ्या मनाला सांगितलं.

थंडी सुरू झाली तशा त्या कप दोन्ही मनगटांत धरून चहा प्यायला लागल्या. चर्चमध्ये गाण्यांचं पुस्तक हातात न घेता मांडीवर पसरून ठेवायच्या. मला वाटलं, नदीकाठचा गारठा, बेटावरच्या बाईला कसा सोसणार? मग नवीन गोळ्या आणायची वेळ आली. बाटली रिकामी असेल म्हणून फेकायला उचलली, तर आतून खडखडाट आला.

मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. "आई, या गोळ्या आत काय करतायत?"

"विश्रांती घेतायत."

"थट्टा नको. तुम्ही औषध घेत नाही."

"घेते की. एक आठवडा घेते, एक आठवडा सोडते. भागतं निम्म्यात."

"भागतं? मग स्वेटरचं बटण लावून दाखवा."

"तुझ्या आईनं तुला सासूशी असं बोलायला शिकवलं?"

"माझ्या आईनं मला याहून वाईट शिकवलंय. लावा बटण."

त्यांनी प्रयत्न केला. बटण बोटांतून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. अंगठ्याचा सांधा लाल, सुजून चकचकीत झालेला. शेवटी त्यांनी हात खाली सोडले आणि मी बटण लावून दिलं. या बाईनं विणलेल्या चटया राजवाड्यात पसरल्या गेल्या आहेत, असं आमच्यात अजूनही सांगतात.

"मला वावाऊला पाठवा," त्या हळूच म्हणाल्या. "फुसीचं काही चुकलेलं नाही."

सिआओसी कामावरून आला तेव्हा मी सगळं सांगितलं. तो बूटही न काढता जमिनीवर, आईच्या पायाशी बसला. मला वाटलं ओरडेल. तो ओरडला नाही.

"आई, बागेत सगळी पोरं एकमेकांना विचारतात, तुझी आई कुठे असते? कोणी म्हणतं टोंगाला, कोणी म्हणतं भावाकडे. मी सांगतो, माझ्याकडे. माझ्या घरात. तेवढं म्हटलं ना, की माझी पाठ दुखायची थांबते. आणि तू मला न विचारता माझ्या तोंडातला तो घास काढून घेतेस?"

"मी तुझे पैसे वाचवत होते रे."

"माझे पैसे वाचवायचे नाहीत. मला आई वाचवायची आहे."

सासूबाईंनी त्याच्या बुटांची नाडी सोडायला हात पुढे केला, ती सुटेना. मग नाक पुसून म्हणाल्या, "ठीक आहे. गोळ्या घेते. पण फुकट घेणार नाही."

"म्हणजे?"

"भाचीच्या लग्नात मामाकडचा ताओवाला कोण आणणार आहे?"

ताओवाला म्हणजे कमरेला गुंडाळायची, केवड्याच्या पातीची विणलेली चटई. नवरीचा तर कापडासारखा मऊ आणि बारीक हवा. इकडे तसला विकत घ्यायचा तर कर्ज काढावं लागतं, आणि आम्ही तेच करणार होतो.

"विकत आणू," सिआओसी म्हणाला.

"विकत! माझ्या नातीच्या कमरेला बाजारातला ताओवाला? मी विणीन."

"या हातांनी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग तुझा नवरा गोळ्या कशासाठी आणतो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या चांगल्याच रागावल्या. पण रागावून झाल्यावर त्यांनी बरेच महिने पुरेल अशी चिठ्ठी एकदम लिहून दिली, म्हणजे प्रत्येक वेळी तपासणीची फी नको. औषधवाल्यानंही त्याच गोळ्या दुसऱ्या कंपनीच्या, स्वस्तातल्या काढून दिल्या. "डुक्कर जरा लहान झालं," सासूबाईंनी जाहीर केलं.

औषधाचा गुण यायला वेळ लागला. तोवर मावशीनं शिजवून, समुद्रात भिजवून, उन्हात पांढऱ्या केलेल्या केवड्याच्या पातींची वेटोळी पाठवली होती. विमानतळावर ती तपासून सोडली, तेव्हा सिआओसीला नोकरीत बढती मिळाल्याइतका आनंद झाला. पेटी उघडली आणि घरभर वास सुटला. सासूबाईंनी एक पात नखानं चिरायला घेतली. चिरली. दोराइतकी बारीक. मग त्यांनी ती उजेडासमोर धरली आणि हसल्या. इथं आल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या.

चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी विणायला सुरुवात केली. पॅकिंग शेडमधल्या बायका काम आटपून यायच्या, आधी नुसत्या बघायला. माझ्यासारख्या इथंच वाढलेल्यांना विणणं कुठलं येतंय? सासूबाई आम्हाला सरावासाठी जाड चटयांचे तुकडे देऊन बाजूला बसवायच्या.

"हे काय विणलंयस? मासे पकडायचेत का?"

"आई, पहिल्यांदाच करतेय."

"दिसतंय. उसव."

अर्ध्याहून जास्त काम झालं आणि रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे बिघडलेले निघाले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या काही काळ बंद केल्या. आठवडाभरातच बोटं पुन्हा सुजली. मी म्हटलं, राहू दे, उरलेलं कोणाकडून तरी करून घेऊ. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य गिळलं.

"कोणाकडून तरी कशाला? तू आहेस ना."

"मी? मासे पकडायला?"

"ये इथं. माझ्या शेजारी बस."

त्यांनी आपला सुजलेला हात माझ्या हातावर ठेवला. त्या बोटानं पात दाखवायच्या, मी ती उचलायची. वर, खाली, ओढ, इतकी नको. माझ्याकडून त्यांनी जितकं विणून घेतलं त्याहून जास्त उसवून घेतलं. पण गोळ्या कमी मात्रेत पुन्हा सुरू होईपर्यंत काम एक दिवसही थांबलं नाही. मग त्यांनी माझी जागा स्वतः घेतली आणि माझे ओबडधोबड भाग शोधायला लागल्या. दोन ठिकाणी सापडले. तिसरा त्यांना सापडला नाही, आणि मी सांगितला नाही.

सिडनीतल्या लग्नात आहेर मांडायची वेळ आली. नवरदेवाकडचे लोक एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला. आमच्या बाजूनं बोलणाऱ्या म्हाताऱ्यानं मोठ्या आवाजात पुकारलं, "नवरीच्या मामाच्या घरून!" मी आणि सिआओसीनं ताओवाला दोन टोकांना धरून उलगडला. हॉलमधलं बोलणं आधी पुढच्या रांगेत थांबलं, मग मागे मागे थांबत गेलं. म्हाताऱ्या बायका खुर्च्यांवरून उठून जवळ आल्या आणि पातीवरून बोटं फिरवायला लागल्या.

फुसी आली. तिनं काठ उलटून बघितला, मागची बाजू बघितली. "कुठून घेतलास रे? केवढं कर्ज काढलंस?"

सिआओसी बहिणीपुढे बोलणार नव्हता. म्हणून मी बोलले. "ताई, विकत नाही घेतला. आईंनी विणला. आमच्या घरात."

फुसीनं आईचे हात धरले. बोटं एकेक करून उघडली, मिटली. ती बोटं सरळ नव्हती आणि कधी होणारही नव्हती, पण मिटत होती. फुसी तिथंच, सगळ्यांसमोर, आईच्या मांडीवर डोकं टेकून रडायला लागली. "आई, मी तुला परत पाठवा म्हटलं होतं."

"ऐकलं होतं मी. नळ चालू होता, कान नव्हते बंद."

"यापुढे औषधाचे अर्धे पैसे मी देणार."

"काही नको," सासूबाई म्हणाल्या. आवाज असा लावला की मागच्या रांगेलाही ऐकू जावा. "तू मुलीला नटव. माझं औषध माझा मुलगा आणतो."

सिआओसी ताओवाल्याचं टोक धरून उभा होता. सहा फुटी माणूस, पण त्या क्षणी मला तो आणखी उंच दिसला. लेसिएली आली, आजीसमोर वाकली, आणि सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी तिच्या कमरेला ताओवाला गुंडाळून गाठ मारली. गाठ मारायला वेळ लागला. कोणीही पुढे होऊन मदत केली नाही. कोणाची हिंमतच नव्हती.

परतीच्या वाटेवर सिआओसी मोठमोठ्यानं गात गाडी चालवत होता. सासूबाई मागच्या सीटवर लग्नातलं उरलेलं भाजलेलं मांस मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"सुरात गा," त्या म्हणाल्या, "नाहीतर पिसिलाला गाऊ दे."

तो आणखी मोठ्यानं गायला लागला.