झाकणावरचा एक शब्द

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बशी आहे. चहाची नव्हे हं! मी प्रयोगशाळेतली, चपटी, झाकणवाली बशी. माझ्यात जंतू वाढवतात. माझ्या कडेचा टवका उडालाय आणि झाकणही मूळचं नाही, पण त्याचं मला काही वाटत नाही. शेजारच्या प्लॅस्टिकच्या बशा एकदा वापरल्या की कचऱ्यात जातात. मी मात्र पंचवीस वर्षं कढत वाफेतून न्हाऊन निघतेय.

मला वापरतात त्या आमच्या संशोधक बाई. त्यांच्या धाकट्या भावाच्या पायाला साधं खरचटलं, जखम चिघळली आणि एकामागून एक चार औषधं देऊनही तिथले जंतू हटेनात. शेवटी गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. तेव्हापासून बाईंनी एकच ध्यास घेतला. मातीतले सूक्ष्म जीव एकमेकांशी लढायला आपापली विषं बनवतात, त्यातलंच एखादं या जंतूंवर औषध म्हणून शोधायचं.

दोन वर्षं बाई माती आणत राहिल्या. नाल्याकाठची, कुंडीतली, झाडाच्या ढोलीतली. ती पाण्यात कालवून थेंबभर आमच्यात पसरायच्या आणि आठ दिवस उबेच्या पेटीत ठेवायच्या. काही उगवलं, तर त्याच्या आजूबाजूला भावाच्या जखमेतले जंतू सोडून बघायच्या. पण ते द्वाड खुशाल वाढायचे! प्रयोगशाळेच्या साहेबांनी सांगून टाकलं, "महिनाअखेरपर्यंत बघू. मग हे काम बंद." बाईंचा चेहरा एवढासा झाला.

त्याच महिन्यात त्यांनी बेकरीच्या भट्टीमागची, राख मिसळलेली माती माझ्यात पसरली आणि झाकणावरच्या चिठ्ठीत लिहिलं, 'राख'. आठ दिवसांनी बघितलं तर माझ्यात ठणठणगोपाळ! मला धुवायच्या बशांच्या ढिगात ठेवून त्या निघून गेल्या.

बशा धुण्यात आमच्या मावशींचा हात धरणारं कोणी नाही. त्यांनी मला उचललं, चिठ्ठी वाचली आणि मला परत पेटीत नेऊन ठेवलं, पार मागच्या कोपऱ्यात. मी म्हटलं, चला, आज आपली आंघोळ चुकली!

महिनाअखेरीला बाई पेटी रिकामी करायला आल्या.

"मावशी, ही अजून धुतली नाही?"

"तुम्हीच लिहिलंय ना, राख म्हणून? मग राखली."

"अहो, ती भट्टीतली राख!"

"अगं बाई! मग तसं लिहायचं नाही का? आणा इकडे."

दोघी हसत सुटल्या. हसता हसता बाईंनी माझ्यात डोकावलं आणि मला उजेडाकडे धरलं. एक पांढरा, पिठूळ ठिपका उगवला होता. बापरे, किती सावकाश वाढणारा जीव! आठ दिवस त्याला पुरलेच नव्हते. बाईंनी त्यातला कण जपून काढून ठेवला आणि उरलेल्या जागेत ते जखमेतले जंतू सोडले.

दुसऱ्या दिवशी मी जंतूंनी गढूळ झाले होते, पण त्या ठिपक्याभोवती स्वच्छ गोल होता, चंद्राला खळं पडावं तसा. चार औषधांना न जुमानणारे जंतू राईएवढ्या ठिपक्यापुढे हरले होते! पंचवीस वर्षांत मी असं काही पाहिलं नव्हतं. अंगावर काटा येतो म्हणतात ना, तो काचेलाही येतो. बाईंनी मावशींचे ओले हात घट्ट धरले आणि त्या रडल्या. साहेब कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. "काम चालू ठेवा," एवढंच म्हणाले.

पुढे वाफेत माझ्यातले जंतू मारले, मावशींनी मला लख्ख धुतलं आणि ती चिठ्ठी पुन्हा चिकटवून फळीवर ठेवलं. एक दिवस कुबडी टेकत बाईंचा भाऊ आला.

"ताई, हीच का ती?"

"हीच. पण ते माणसाला चालेल का, हे कळायला अजून खूप वर्षं लागतील."

"माझा पाय काही परत यायचा नाही," तो मला हातात घेऊन म्हणाला. "पण औषध झालंच, तर लोकांना एक सांग. मी साध्या सर्दीलाही मनानेच गोळ्या घ्यायचो आणि बरं वाटलं की उरलेल्या फेकून द्यायचो. तसं करू नका म्हणावं."

मित्रांनो, असं करून करून आपणच जंतूंना औषधं पचवायला शिकवतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि सांगितलं तसंच औषध घ्या. माझ्या झाकणावरचा शब्द अजून पुसलेला नाही. तो मावशींनी वाचला तसाच वाचा आणि औषधांची ताकद राखा.