आठशे चौदा नंबरची पाटी

आठशे चौदा.

हनुवटीवरचा तीळ. त्या मुलीला होता, या मुलीला नव्हता.

"ओठ मिटून हस गं. सगळे दात दाखवलेस तर वरच्यांना वाटेल, हिला कसली कमी आहे!"

ओलं फडकं.

खडूंचा रिकामा खोका, पालथा घातलेला. त्यावर चढायला तयार नसलेला एक पाय.

"महिनाभरात येईल हो ती. पळून का गेलीये?"

मित्रांनो, माफ करा. माझ्यावर लिहिलेलं पुसतात, पुन्हा लिहितात, पुन्हा पुसतात. त्यामुळे मला आठवतं तेही असं तुटक. आता क्रमाने सांगायचा प्रयत्न करते.

मी एक जुनी दगडी पाटी आहे. डोंगरातल्या खाणीत माझ्या पातळ थरांवर छिन्नी चालली, घासून घासून मला गुळगुळीत केलं आणि एका सुताराने मला लाकडी चौकट बसवली. त्याचा हात चांगला होता, पण घाई फार. म्हणून माझा डावा कोपरा पहिल्या वर्षीच उखडला. शाळेतल्या बाईंनी त्यावर पत्र्याची पट्टी ठोकली. पुढे बरीच वर्षं मुलांनी माझ्यावर बेरजा केल्या, बदकं काढली, एकमेकांची नावं लिहून चिडवलं. मग सगळ्यांना वह्या आल्या आणि मी शाळेच्या अडगळीच्या खोलीत गेले.

तिथून मला बाहेर काढलं ते फाईलवाल्या ताईंनी. त्या एका संस्थेच्या होत्या. आईबाप गेलेल्या किंवा घरी सांभाळणारं कुणी नसलेल्या मुलांना ही संस्था शाळेसाठी मदत करायची. गणवेश, वह्या, बूट, फी, वर्षातून दोनदा डॉक्टर. प्रत्येक मुलामागे दूरच्या शहरातलं कुणीतरी एक माणूस उभं असायचं. त्या माणसाला वर्षातून एकदा मुलाचा फोटो जायचा. फोटोत मुलाने छातीशी एक पाटी धरायची, पाटीवर त्याचा नंबर. ती पाटी म्हणजे मी.

नियम दोनच होते. फोटो नाही, तर पुढच्या वर्षी मदत नाही. आणि एका घराला एकच नंबर.

फोटोच्या दिवशी माझी त्रेधा उडायची. सकाळपासून शंभरावर मुलं. ताई नंबर लिहायच्या, मूल मला धरायचं, फोटोवाला "हं, ओठ मिटून" म्हणायचा, ओलं फडकं फिरायचं, पुढचा नंबर. पण त्या क्षणभरात मुलाचं काळीज माझ्या पाठीवर धडधडायचं. कोण जेवून आलंय, कोण रडून आलंय, हे मला कळायचं.

आठशे चौदा म्हणजे काडी. हे तिचं टोपणनाव. अंगाने तशीच होती. ती सात वर्षांची असताना आईवडील एकाच आठवड्यात तापाने गेले. तेव्हापासून ती आणि तिची धाकटी बहीण मामा-मामीकडे राहायच्या. धाकटीला सगळे लिंबू म्हणत. गोल तोंड आणि कायम आंबट चेहरा. नंबर मिळाला थोरलीला. मग काडीच्या वह्यांत पुढून काडी लिहायची, मागून लिंबू. मधल्या पानावर दोघींचं भांडण व्हायचं.

"तुझं अक्षर केवढं मोठं! माझी पानं खातेस."

"तू बारीक आहेस म्हणून तुझं अक्षर बारीक. माझं माझ्यासारखं."

ज्या वर्षी काडी चौदाची झाली, त्या वर्षी फोटोच्या रांगेत ती नव्हती. मामी आली होती, लिंबूचा हात धरून.

"थोरली कुठाय?" ताईंनी विचारलं.

"शहरात. इस्त्रीवाल्याकडे कामाला लावलीये. महिनाभरात येईल हो ती. पळून का गेलीये?"

"मामी, आज फोटो आहे!"

"मग मी काय करू? घरात सात तोंडं आहेत. ह्यांचा पाय मोडून तीन महिने झाले."

फोटोवाल्याची गाडी तासाभरात निघणार होती. ताईंनी यादीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, लिंबूकडे पाहिलं. काडीच्या हनुवटीवर तीळ होता, हिच्या नव्हता. मग माझ्यावर लिहिलं, आठशे चौदा, आणि मला लिंबूच्या हातात दिलं.

"एवढ्या वर्षापुरतं," त्या म्हणाल्या. "नाहीतर नंबरच जाईल."

हे त्यांनी मायेने केलं, मित्रांनो. तसं मी आजही म्हणेन. पण लिंबूचं काळीज त्या दिवशी माझ्या पाठीवर असं उडत होतं की मला वाटलं, आता मी हिच्या हातून निसटणार आणि फुटणार.

महिना गेला. काडी आली नाही. दुसरा गेला. कुणी विचारायलाही गेलं नाही. का जाईल? कागदावर आठशे चौदा हजर होती. गणवेश घेत होती, डॉक्टरला जीभ दाखवत होती, सहीच्या जागी काडीचं नाव लिहीत होती. मी अडगळीच्या खोलीत होते आणि खिडकीतून ऐकायचे. वर्गात संस्थेच्या मुलांच्या वेगळ्या यादीतून काडीचं नाव पुकारलं की लिंबू "हजर" म्हणायची. आधी जोरात म्हणायची. मग हळू. मग बाईंना दोनदा पुकारावं लागायचं.

मग पत्र आलं. काडीमागे उभं असलेलं माणूस म्हणजे एक म्हातारे घड्याळजी होते. दरवर्षी चार ओळी लिहायचे. शाळेच्या ओसरीवर ताईंनी पत्र वाचलं.

"चि. बाळ, तुझे सगळे फोटो भिंतीवर ओळीने लावलेत. मागच्या फोटोत तुझं डोकं दारावरच्या कुलपाच्या वर होतं, या वेळी खाली आहे. मी जन्मभर काटे पुढेच फिरवले. तू उलटे कसे फिरवलेस? तब्येत बरी आहे ना?"

बाई हसल्या. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

पुढच्या फोटोच्या दिवशी त्यांनी खडूंचा लाकडी खोका दारापुढे पालथा घातला.

"लिंबू, यावर उभी राहा. फोटोत पाय दिसत नाहीत."

"नाही राहणार."

"अगं, पाच मिनिटांचं काम. मागे रांग बघ केवढी आहे!"

लिंबूने मला घेतलं. एक पाय खोक्यावर टेकवला, काढून घेतला. फोटोवाल्याने डोळा कॅमेऱ्याला लावला. आणि तिने कोपराने माझ्यावरचा नंबर पुसला. खराखरा पुसला. आठ गेला, एक गेला, चाराचं शेपूट तेवढं राहिलं, तेही तिने थुंकी लावून घालवलं.

"आता काढा," ती म्हणाली.

"लिंबू!" मामी पुढे धावली. "डोकं फिरलंय का तुझं? तुझ्यासाठी चाललंय ना सगळं?"

"मी हजर म्हणते म्हणून माझ्या ताईला कुणी शोधत नाही." तिचा चेहरा नेहमीसारखा आंबट होता. "मी आता हजर म्हणणार नाही."

रांगेतली शेवटची मुलंही पुढे काय झालं ते बघायला वाकली.

फाईलवाल्या ताई खोक्यावर मटकन बसल्या. "आपण फोटो कशाला काढतो हो?" त्या फोटोवाल्याला म्हणाल्या. "मूल जागेवर आहे का, ते बघायलाच ना?"

"मला काय विचारता? मी बटण दाबतो."

त्यांनी यादीत आठशे चौदासमोर लिहिलं, गैरहजर. हा शब्द वर पोचला की फाईल बंद होऊ शकत होती. काडीचीही आणि त्या वह्यांवर शिकणाऱ्या लिंबूचीही. ताईंची नोकरीही जाऊ शकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या लिंबूला घेऊन शहरात गेल्या. पिशवीत कॅमेरा होता आणि मी होते.

इस्त्रीचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी कपड्यांची बोचकी, आत वाफ. टेबलामागे काडी. उंच झाली होती, पण मनगटावर भाजल्याचे तीन पट्टे होते, एकाखाली एक.

लिंबू दारातच थांबली. काडीने तिला पाहिलं आणि पहिल्यांदा काय म्हणावं?

"शाळा का बुडवलीस?"

"तू का बुडवलीस?"

दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "बहिणीच दिसताहेत. माझी हरकत नाही हो. मामीने पाठवली, मी ठेवली."

"मामीने नाही," काडी म्हणाली. इस्त्री उभी करून ठेवली आणि सांगितलं. "मीच म्हटलं मामीला. नंबर एकच, आम्ही दोघी. मला वाचता येतं, लिहिता येतं. हिला अजून भागाकार येत नाही."

"येतो!" लिंबू ओरडली. "बाकी उरते तेवढाच येत नाही."

ताईंनी मला पिशवीतून काढलं. खडू विसरल्या होत्या. दुकानदाराने कपड्यांवर खुणा करायचा खडू दिला. ताईंनी लिहिलं, आठशे चौदा, आणि खाली एकच शब्द, दोघी. एका बाजूने काडीने मला धरलं, दुसऱ्या बाजूने लिंबूने. माझ्या पाठीवर दोन काळजं होती आणि दोन्ही घाबरलेली होती.

त्या फोटोसोबत ताईंनी सगळं खरं लिहून संस्थेला पाठवलं. स्वतःची चूकही. मग चाळीस दिवस काहीच आलं नाही. ताई रोज टपालवाल्याच्या वाटेवर डोळे लावून बसायच्या. काडी परत आली होती, पण मामीने तिची गाठोडी सोडू दिली नव्हती. न जाणो, पुन्हा जावं लागलं तर. लिंबू शाळेतून पळत यायची, गाठोडी आहे का बघायची, मगच पाणी प्यायची.

एकेचाळिसाव्या दिवशी पाकीट आलं. ताईंना समज दिली होती. काडीचा नंबर तसाच ठेवून लिंबूला तिचा स्वतःचा नंबर दिला होता. काडी तिच्याहून दोन वर्षांनी लहान मुलांच्या वर्गात, शेवटच्या बाकावर बसली. गुडघे बाकात मावत नव्हते.

आता नंबर छापील कार्डांवर येतात. मी पुन्हा अडगळीत आहे. माझ्यावर धूळ आहे, आणि मला त्याचं दुःखही आहे. तुमच्या घरी जुनी पाटी असेल तर तिला पुसून ठेवा, मित्रांनो, एवढं म्हणायचा हक्क मला आहे. पण त्याहून एक मागणं मोठं आहे. वर्गात कुणाचं नाव पुकारलं आणि दुसराच आवाज हजर म्हणाला, तर गप्प बसू नका. हसूही नका. उठून विचारा, ती कुठे आहे? आणि जो हजर म्हणतोय त्यालाही जवळ घ्या. त्याला तुमच्याहून जास्त भीती वाटत असते.

आणि त्या पाकिटातूनच कळलं, एका घराला एकच नंबर हा नियम संस्थेने काडी शहरात गेली त्याच्या पाच महिने आधीच रद्द केला होता.