दीड मिनिटाचा नाच

अमरावतीत व्हायोला शिकवणारा मी एकटा आणि शिकणारे तिघे. गाव त्या वाद्याला ‘मोठं फिडल’ म्हणे, आणि गावाकडून याहून जास्त अपेक्षा मी कधी केली नाही. १९६१ साली तिघेही तिसऱ्या वर्षाला होते. पोस्टातला देवमन गज असा मारी, की खाली पाकीट धरलं असतं तर शिक्का उमटला असता. वामनराव वकील मोठ्याने मात्रा मोजत आणि तरीही चुकत. ज्या वकिलाला तीनपर्यंत मोजता येत नाही, त्याच्या पक्षकारांचं देवच भलं करो. राहता राहिली जमुना. तिचा हात खरा होता.

तिचे वडील नत्थुजी नांदगाव खंडेश्वरहून आले आणि माझ्यासमोरच तिला म्हणाले, “तीन सालं झाले, तारा घासून रायली तू. जलशाले मी येतो, आयकतो. पटलं त ठीक, नाई त त्याच दिवशी घरी चाल.”

ती गेली तर माझ्याकडे शिक्का आणि वकील उरणार होते.

जलशासाठी मी नाचाची एक लहान चाल बांधली. तीन मात्रांची, जेमतेम दीड मिनिटाची. “पहिल्या मात्रेला वजन, पुढच्या दोन उचलून,” असं मी तीन महिने ओरडत होतो. या वाद्याची जाड तार उशिरा बोलते, म्हणून गज मात्रेच्या आधीच तारेवर टेकलेला लागतो. देवमनला ते कळलं नाही. वामनरावांनी त्यावर युक्तिवाद केला. जमुनेला एकदा सांगून पुरलं.

तिची खोड एकच. दर पहिल्या मात्रेला ती टाच आपटे.

“हे काय खळं आहे?” मी विचारलं.

“पाय थांबवला की हात थांबते, सर.”

मी तो पाय थांबवला. मला त्याचा अभिमान होता.

जलशाला सभागृह भरलं. आमच्या आधी एका बुवांनी पाऊण तास नुसती आलापी केली आणि लोक माना हलवत पान चघळत राहिले. मग माझे तिघे उभे राहिले. वाजवलं अगदी बिनचूक. वामनरावसुद्धा तीनपर्यंत पोचले. चाल संपली, तिघांनी गज खाली घेतले.

टाळी नाही. कुणी उठलंही नाही. सगळे वाट पाहत बसले. पहिल्या रांगेतून अध्यक्ष शेषराव मायेने म्हणाले, “लागले न सूर? होऊ द्या आता सुरू.”

दीड मिनिटात एखादी गोष्ट संपते, हे या लोकांच्या सात पिढ्यांनी ऐकलं नव्हतं. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता! मी पडद्याआड चरफडत होतो. नत्थुजी टोपी सारखी करून उठायच्या बेतात होते.

जमुनेने ते पाहिलं. तिची टाच आपटली.

तीच चाल पुन्हा सुरू झाली. देवमन मागून आला, वामनराव शोधत आले. मग दुप्पट लयीत, मग खाली जाड तारेवर, मध्येच थांबून नेमकी पहिल्या मात्रेवर परत. माझ्या दीड मिनिटाचं तिने वीस मिनिटांचं दोरखंड वळलं. सभागृह तिच्या टाचेबरोबर हलू लागलं. ती चाल पहिल्यांदाच नाचत होती. हे मला कळलं, आणि कळल्याचाच संताप आला.

नत्थुजी मागे येऊन भेटले. “पोरगी शिकन,” ते म्हणाले. “अकोल्याले एक फिडलवाले बुवा हायेत. तिच्या मावशीकडे राहून त्यायच्यापाशी शिकन. तुमी सूर चांगले लावून देता, मास्तर. पन तुमाले सुरू करता येत नाई.”

जमुना खाली पाहत होती. मी “बरं” म्हणालो.

सोमवारी देवमन आणि वामनराव अगदी वेळेवर आले. मी म्हणालो, “पहिल्या मात्रेला पाय आपटा.”

वामनरावांनी विचारलं, “कोणता?”