जन्नतबींच्या शिवणवर्गाचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. शहाद्याच्या एका गल्लीत, शिलाई मशीनच्या सुट्या भागांच्या फळीवर माझी पेटी ठेवलेली आहे. पंखा थोडा वाजतो, पण काम चालू आहे.

माझी उमेदीची वर्षे एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. मी लोकांचे अर्ज भरले, लग्नपत्रिका जुळवल्या. मालक माझे कौतुक करायचा. नवा संगणक आला तेव्हा त्याने मला पोत्यात घालून कोपऱ्यात ठेवले. पुढे मशीन दुरुस्त करणाऱ्या कय्युमभाईंनी त्याच्या घरचे शिलाई मशीन नीट करून दिले आणि मजुरी म्हणून मला मागून घेतले.

त्यांच्या पत्नी जन्नतबी घरी शिवणवर्ग घेत. कापड कसे बेतायचे, हे त्या मोबाइलवर चित्रित करून माझ्यात साठवत. त्यांचे हात, खडू, कैची आणि आवाज एवढेच त्यात असे. एखादी मुलगी कापताना बिचकली की त्या विचारत, "कैची धरी ऱ्हायनी का साप?" मुली हसत आणि नीट कापत.

मग जन्नतबी आजारी पडल्या. हे पाठ इंटरनेटवर टाकू का, असे कय्युमभाईंनी विचारले. त्या म्हणाल्या, "मन्ह्या पोरीसले दखाडा. सारा गावले नको." पोरी म्हणजे त्यांच्या वर्गातल्या मुली.

त्या गेल्या. कय्युमभाईंनी मला बंद केले आणि वर चादर टाकली. पुष्कळ दिवस कोणी ती उचलली नाही.

एक दिवस सुरतहून आशाचा फोन आला. ती तळोद्याकडची, या वर्गातच शिकलेली. नवऱ्याबरोबर कामासाठी सुरतला गेली होती. तिला शाळेच्या शर्टांचे पहिलेच काम मिळाले होते आणि कॉलर काही केल्या बसत नव्हती. शाळा उघडायच्या आत शर्ट द्यायचे होते, नाहीतर काम दुसरीकडे जाणार होते. कय्युमभाईंनी चादर काढली आणि कॉलरचा पाठ मोबाइलवर पाठवला. पाठवताना तो आकसला आणि इतका धूसर पोचला की खडूची रेघच दिसेना.

तेव्हा त्यांनी ठरवले, पाठ माझ्यातच राहतील. मुलींनी आपापल्या मोबाइलवरून, परवलीचा शब्द देऊन माझ्याकडे यावे आणि बघावे. विचारत, वाचत त्यांनी मला तयार केले. आपल्या मोबाइलवर माझा पत्ता टाकला. पाठ स्वच्छ उघडला. तोच पत्ता त्यांनी आशाला कळवला.

तिचा लगेच फोन आला, उघडत नाही म्हणून.

"मन्हाकडे तं उघडस," कय्युमभाई म्हणाले.

"तुमनाकडे उघडीसन मी काय करू, चाचा? मी सुरतमा शे."

मग इंटरनेटची वायर टाकणाऱ्या रतिलालला बोलावले. पत्ता बघून तो हसतच सुटला. कय्युमभाईंनी घरातल्या घरात चालणारा पत्ता सुरतला पाठवला होता. म्हणजे पाहुण्याला गाव न सांगता नुसते 'मधल्या खोलीत या' सांगण्यासारखे झाले, असे तो म्हणाला. शिवाय साऱ्या गल्लीला बाहेरून एकच पत्ता होता, त्यामुळे बाहेरून आलेली हाक कुठल्या घरासाठी आहे, हे कळायला मार्ग नव्हता. रतिलालने या घरासाठी स्वतंत्र पत्ता मिळवून दिला. वायफायच्या डबीलाही सांगून ठेवले, की बाहेरून पाठ मागायला कोणी आले तर माझ्याकडे पाठव. बाकी सगळी दारे बंदच ठेवली.

या वेळी कय्युमभाई घरात बसून तपासत राहिले नाहीत. मोबाइलचे वायफाय बंद करून ते एसटी स्टँडवर गेले. मला प्रथमच घराबाहेरून हाक आली. पाठ उघडतो का, एवढेच बघायचे होते. पण त्यांनी तो शेवटपर्यंत चालू ठेवला. मग पुन्हा पहिल्यापासून लावला. मी पुन्हा दिला.

त्यानंतर सुरतची हाक आली. आशा कॉलरची तीच जागा मागे घेऊन घेऊन बघत होती. संध्याकाळी तिचा फोन आला. कॉलर बसली होती. मग ती जरा अडखळली. "चाचा, मन्ही नणंद बी देखाले बठनी व्हती. तिले दखाडू का?"

कय्युमभाईंनी उलट विचारले,

"शिवस का ती?"

"शिकी ऱ्हायनी."

"मंग ती बी जन्नतनीच पोर."

मित्रांनो, आता माझ्याकडे ओळखीच्या मुली येतात आणि त्यांनी शिकायला बसवलेल्या नव्याही येतात. माझे एवढेच मागणे आहे. माझ्या पंख्यातली धूळ अधूनमधून झटका. परवलीचा शब्द भिंतीवर लिहून ठेवू नका. आणि माझ्यातल्या पाठांची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवा. मी जुना आहे, केव्हा तरी थांबेन. त्या दिवशीही कोणाची तरी कॉलर अडलेली असेल.