एक्क्याऐंशीची तीन भोकं

अकरा वर्षं लोरीन स्टकी बँकेच्या खिडकीशी जाऊन एकच प्रश्न विचारत आली होती. "सुझन अँथनीचे डॉलर आलेत का गं?" खिडकीतली पोरगी नाक मुरडून कागदात गुंडाळलेली नाणी पुढे सरकवायची. कुणालाच नको असलेली नाणी ती. पाव डॉलरच्या नाण्यासारखी दिसतात म्हणून लोकांनी खिशात घ्यायचंच नाकारलं. बायकांच्या मतासाठी भांडलेल्या बाईचा चेहरा नाण्यावर आला आणि अख्ख्या देशाला दोन वर्षांत तिचा कंटाळा आला!

लोरीनला मात्र ती भारी आवडत. शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांची ताटं भरून ती घरी यायची, पाय खुर्चीवर टाकायची आणि भिंगातून एकेक साल तपासायची. तिच्या निळ्या पुठ्ठ्याच्या अल्बमात नऊ भोकं होती. तीन सालं, आणि प्रत्येक सालात तीन टांकसाळींचं एकेक नाणं. एकोणऐंशीची ओळ भरली, ऐंशीची भरली. एक्क्याऐंशीची ओळ मात्र अकरा वर्षं कोरडी. तिन्ही भोकं तोंड वासून बसलेली.

नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबात ती दर महिन्याला जायची. अध्यक्ष मर्ल फेटरॉल्फ दारातच विचारायचा, "काय लोरीनबाई, सापडलं का एक्क्याऐंशी?" मागे चारपाच टकली डोकी हलायची. एकदा तिने वैतागून विचारलं होतं, "मर्ल, ही नाणी आहेत तरी का खरी?" मर्लने क्लबाचं जाडं पुस्तक उघडून आकड्यावर बोट ठेवलं. "हे बघ, एकेका टांकसाळीत कमीत कमी तीस लाख पाडलेत. शोध, शोध. मिळतील."

आज एप्रिलातला शनिवार, क्लबाचं वार्षिक प्रदर्शन, अग्निशमन दलाच्या हॉलात. स्पर्धेच्या काचपेट्यांना दहा वाजता कुलूप लागायचं, मग पाचपर्यंत कुणी हात लावायचा नाही. लोरीनने पहिल्यांदाच पेटी घेतली होती. अल्बम उघडा ठेवला, शेजारी आपल्या हाताने लिहिलेलं कार्ड: सगळी नाणी बँकेतून, डॉलरला डॉलर. तीन भोकं तिला आतून टोचत होती. अपुरा संच स्पर्धेत मोजतच नाहीत. साडेनऊ झाले होते. शेवटचा प्रयत्न म्हणून ती इंडियानाहून आलेल्या व्यापारीण बाईच्या टेबलाशी गेली. लिओटा क्विलन तिचं नाव. आडव्या बांध्याची, चष्मा केसांत खोचलेली.

"एक्क्याऐंशीचे सुटे डॉलर आहेत का तुझ्याकडे? बँकांतून मिळता मिळेनात."

"बँकांतून?" लिओटाने चष्मा डोळ्यांवर घेतला. "अगं बाई, ते बँकेत गेलेच कधी? त्या सालचे डॉलर टांकसाळीने चलनात सोडलेच नाहीत. फक्त वर्षाच्या सीलबंद संचात घातले, जमवणाऱ्यांसाठी. कुणी संच फोडून खर्चले असतील तेवढेच बाहेर."

"हे सगळ्यांना माहीत असतं?"

"जमवणाऱ्यांना? पोराटोरांनाही."

लोरीनने मान वळवली. कॉफीच्या किटलीशी मर्ल आणि त्याची टोळी उभी होती. अकरा वर्षं. हिवाळ्यात बर्फ तुडवत तीन गावांच्या बँका. आणि हे सगळे दर महिन्याला दात काढत विचारायचे, सापडलं का! तीस लाखांचा आकडा खरा होता, तोच तर हलकटपणा. पण रागाच्या खालून दुसरंच काहीतरी उसळलं. नाणी होती! इथेच, या हॉलात, हाताच्या अंतरावर!

"संच आहे तुझ्याकडे? एक्क्याऐंशीचा?"

लिओटाने खोका उपसला. अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, पंच्याऐंशी... आणि मग पांढरं पाकीट. आत मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांत वर्षभराची नाणी, सेंटापासून डॉलरपर्यंत. तिन्ही अँथनीबाई त्यात लखलखत होत्या. लोरीनने पैसे मोजून टेबलावर ठेवले. पावणेदहा.

"कात्री दे."

"फोडतेस?" लिओटा हसली. "कात्री नाही गं माझ्याकडे."

लोरीन स्वयंपाकघराकडे धावली. तिथे कुणीतरी जेवणासाठी कांदा चिरत होतं. "सुरी दे, दोन मिनिटं!" फडक्याला पुसून ती सुरी घेऊन बाहेर आली तर मर्लची टोळी टेबलाभोवती.

"लोरीन, वेड लागलंय का?" मर्ल ओरडला. "सीलबंद आहे तो! तेरा वर्षं हवा लागली नाही त्याला! एकदा फोडलास की त्याची किंमत गेली."

"मग तुझ्या गळ्यात बांधू का? माझी भोकं रिकामी आहेत."

"अगं, नवा अल्बम घे, अख्खा संच मावेल असा..."

"बाजूला हो मर्ल, सुरीला कांद्याचा वास आहे. रडशील."

कुणीतरी फिस्सकन हसलं. लोरीनने संच उचलून आपल्या उघड्या पेटीशी नेला आणि कडेने प्लास्टिक चिरलं. पहिलं नाणं कडांवर धरून उचललं, कापसाच्या बोळ्याने भोकात दाबलं. टक्. डेन्व्हरच्या टांकसाळीचं, टक्. सॅन फ्रान्सिस्कोचं आत जाईना, पुठ्ठा घट्ट होता. "दाब ना!" मागोमाग आलेली लिओटाच आता नाचत होती. "अंगठा लावू नकोस, ठसा उठेल!" दहाला सहा मिनिटं. लोरीनने श्वास धरला, बोळा ठेवून तळहाताने जोर दिला. टक्! ओळ भरली. दोघी बायका एकमेकींना धरून भर हॉलात उड्या मारू लागल्या.

मग तिची नजर कार्डावर गेली. सगळी नाणी बँकेतून. आता ते खोटं होतं, आणि खोटं लिहिण्याची सवय तिला नव्हती. स्पर्धेच्या नियमात नाणं कुठून आलं ते लिहायचं असतं, त्याचे गुण असतात, आणि तो नियम मर्लनेच केलेला. तिने कोऱ्या कार्डावर पेन टेकवलं आणि न थांबता लिहिलं:

सहा नाणी बँकेतून. एक्क्याऐंशीची तीन आज सकाळी संच फोडून. ती बँकेत कधी आलीच नाहीत. या क्लबाच्या अध्यक्षांना हे ठाऊक होतं. मी अकरा वर्षं शोधत होते आणि ते मला शोध म्हणत होते.

मर्ल किल्ली घेऊन आला तेव्हा त्याने कार्ड वाचलं. चेहरा विटेसारखा लाल झाला. "हे काढ. गंमत होती ती!"

"माहिती खरी आहे ना?"

"खरी असली म्हणून काय..."

"मग गुण दे," लोरीन म्हणाली. "आणि लाव कुलूप. दहा वाजले."

शेजारच्या पेट्यांवरचे दोन स्पर्धक वाट पाहत होते. मर्लने कुलूप लावलं. लोक काचेभोवती जमू लागले, वाचू लागले, एकमेकांना कोपराने ढोसू लागले. पहिली वाचणारी मर्लची बायको आर्डिथ होती.

"मर्ल," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दर महिन्याला घरी येऊन तू ज्या बाईची नक्कल करून हसवायचास, ती हीच का?"

मर्ल काय म्हणाला ते लोरीनला कळलं नाही. ती काचेला नाक टेकून शेवटची ओळ बघत होती. तिन्ही नाणी नवी कोरी, कुणाच्याच खिशात न गेलेली. मागे कुणीतरी तिला विचारत होतं, बाई, हे कसं जमवलंत, आणि ती वळली ती सांगत सुटली.